आटपाट नगरातले राजे



चांगल्या राजाची गोष्ट एका वाक्यात संपते. तो न्यायाने राज्य करत होता आणि प्रजा सुखी होती, एवढे म्हटले की सांगणाऱ्याजवळ पुढे सांगण्यासारखे काही उरत नाही. गोष्ट सुरू होते ती राजाचे काहीतरी बिघडते तेव्हा. म्हणूनच असेल, आपल्या कहाण्या, पुराणे, वग आणि नाटके बिघडलेल्या राजांनी भरून गेली आहेत.

"काका, तुम्ही आयुष्यभर इतिहास शिकवलात, मग खोट्या राजांवर कशाला लिहिता?" असे परदेशातल्या एका पुतण्याने विचारले. माझे म्हणणे असे की खोटा राजा हासुद्धा इतिहासाचाच कागद आहे. खऱ्या राजाला तोंडावर जे बोलता येत नाही, ते लोक गोष्टीतल्या राजाच्या नावाने बोलून घेतात. बखरीत राजाला काय ऐकायला आवडत होते ते सापडते. लोकांच्या मनात काय होते ते पाहायचे तर कहाणीत आणि नाटकात जावे लागते. म्हणून आज या राजांची हजेरी घ्यायचे ठरवले आहे.

सुरुवात घराजवळून करतो. आमच्या कारेगावच्या शेजारीच रांजणगाव. अष्टविनायकांपैकी महागणपतीचे हे स्थान. इथले स्थानमाहात्म्य त्रिपुरासुराचे आहे. गृत्समद ऋषींच्या या पुत्राने कठोर तप करून वर मिळवला आणि त्या बळावर तिन्ही लोकांत धुमाकूळ घातला. देवांनाही जागा सोडून पळावे लागले. शंकर त्याच्याशी लढायला निघाले, पण गणेशाचे स्मरण करायचे राहून गेल्यामुळे त्यांना यश येईना. पुढे त्यांनी गणेशाचे स्तवन केले आणि मग त्रिपुराचा नाश झाला. कार्तिकी पौर्णिमेला आपण देवळात त्रिपूर लावतो, त्यामागेही हीच त्रिपुरवधाची कथा आहे.

दर्शनाला येणारे भाविक ही कथा ऐकतात, हात जोडतात आणि पुढे जातात. मला मात्र त्या वराबद्दल नेहमी प्रश्न पडतो. त्रिपुरासुर आकाशातून पडला नव्हता. त्याला बळ दिले ते देवांनीच, आणि देताना ते परत कसे घ्यायचे याचा विचार केला नाही. रावण, हिरण्यकशिपू, भस्मासुर, कोणाचीही कथा घ्या, आधी वर आहे आणि नंतर पळापळ. आपल्या पुराणकारांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. दिलेली सत्ता काढून घेण्याची सोय आधी करावी लागते. नंतर करायला गेले तर शंकरालाही घाम फुटतो.

पण असुर ओळखायला सोपा असतो. त्याचे नावच असुर. त्याच्यापासून सावध राहा हे कोणी वेगळे सांगावे लागत नाही. अवघड असतात ते सज्जन राजे. आणि त्यांच्यावरची सगळ्यात मार्मिक गोष्ट कोणा पंडिताने लिहिलेली नाही. ती आपल्या आज्या-पणज्यांनी श्रावणातल्या सोमवारी सांगितलेली आहे. ती म्हणजे खुलभर दुधाची कहाणी.

नव्या पिढीतल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. एका राजाच्या मनात आले की महादेवाचा गाभारा दुधाने भरावा. हेतू चांगलाच. त्याने दवंडी पिटवली, की सोमवारी गावातले सगळे दूध देवळात आले पाहिजे. लोक धाकाने उठले. वासरांना पाजले नाही, पोरांना दिले नाही, घरातले थेंबन् थेंब दूध देवळात नेऊन ओतले. गाभारा काही भरला नाही. दुपारी एक म्हातारी आली. तिने घरचे काम उरकले होते, मुलाबाळांना खाऊपिऊ घातले होते, वासरांना पाजले होते, सुनांची विचारपूस केली होती. मग उरलेले खुलभर, म्हणजे अगदी थोडेसे दूध घेऊन ती देवळात आली. तिने ते भक्तीने वाहिले आणि गाभारा भरून गेला.

राजाला हे कळले तेव्हा त्याने पाळत ठेवली. शेवटी तो स्वतः देवळात जाऊन बसला आणि त्याने म्हातारीला धरले. ती घाबरली. तिने आधी अभय मागितले. राजाने अभय दिले, तेव्हा कुठे ती बोलली. तुझ्या आज्ञेने वासरांचे, पोरांचे आत्मे तळमळले, थोरामोठ्यांनी हाय हाय केले, ते देवाला आवडले नाही, असा तिच्या बोलण्याचा मथितार्थ. राजाने ऐकले, आज्ञा बदलली आणि पुढच्या वेळी गाभारा भरला.

आता या राजाकडे नीट पाहा. तो लोभी नाही, क्रूर नाही, व्यसनी नाही. त्याला दूध स्वतःसाठी नको होते, देवासाठी हवे होते. त्याची चूक एवढीच की दूध कोणाच्या तोंडचे येते आहे हे त्याने विचारले नाही. हंडे भरून आले म्हणजे प्रजा आनंदाने देते आहे, अशी त्याची समजूत झाली. दरबारातल्या एकालाही म्हणावेसे वाटले नाही की महाराज, वासरे हंबरताहेत. मोठ्या आणि पवित्र कामासाठी काढलेल्या आज्ञेला विरोध करणे सर्वांत कठीण असते, कारण विरोध करणारा लगेच देवाचा शत्रू ठरतो. वाईट कारभाराचा हा प्रकार मला असुरांच्या जुलमाहून जास्त खरा वाटतो.

या राजाची एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी. मी आज ज्यांची नावे घेणार आहे, त्या सगळ्यांत सुधारलेला हा एकटाच. कारण त्याने विचारले, अभय दिले आणि ऐकून घेतले. बाकीच्यांचे काय झाले ते पाहू.

महाभारतात दोन राजे असे आहेत की त्यांच्या दरबारात एकाच स्त्रीची दोनदा विटंबना झाली. पहिला धृतराष्ट्र. द्यूताच्या वेळी तो सभेत बसला होता. विदुराने आधीपासून बजावले होते. पण डाव चालू असताना हा आंधळा बाप दरवेळी विचारत राहिला की आपल्या बाजूने काय जिंकले. पुढे द्रौपदीला सभेत ओढून आणली, तेव्हाही पुत्राला थांबवणारा शब्द त्याच्या तोंडून वेळेवर निघाला नाही. तिला वर देण्याचे सुचले ते अपशकुन होऊ लागल्यावर, स्वतःच्या कुळाची भीती वाटली तेव्हा. धृतराष्ट्राला काय बरोबर हे कळत होते. विदुराचे पटते आणि तरी मुलाचे मोडवत नाही, हे तो स्वतःच अनेकदा कबूल करतो. कळूनही न वळणे हा त्याचा रोग.

दुसरा विराट. मत्स्य देशाचा हा राजा मनाने वाईट नव्हता. पांडवांना त्याने अज्ञातवासात आसरा दिला. पण त्याचे सैन्य मेहुण्याच्या, कीचकाच्या हाती होते. कीचकाने सैरंध्रीला भर सभेत लाथ मारली आणि ती न्याय मागायला लागली, तेव्हा विराटाने टोलवाटोलवी केली. तुमचे आपसात काय झाले ते मी पाहिले नाही, मग निवाडा कसा करू, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. लाथ त्याच्या डोळ्यांदेखत बसली होती! पुढे हाच विराट कंकाशी, म्हणजे वेषांतर केलेल्या युधिष्ठिराशी, द्यूत खेळत बसला होता. कौरवांवर विजय मिळाल्याची वार्ता आली तेव्हा तो आपल्या मुलाचे, उत्तराचे, गोडवे गाऊ लागला. कंक म्हणाला की ज्याचा सारथी बृहन्नडा, तो जिंकणारच. राजाला राग आला आणि त्याने फासा कंकाच्या तोंडावर फेकून मारला. नाकातून रक्त आले. मेहुण्यापुढे मूग गिळून बसणारा राजा खरे बोलणाऱ्यावर मात्र हात उगारतो, हे व्यासांनी किती बारकाईने पाहिले आहे!

शाळेत असताना मुलांकडून महाभारतातले प्रवेश बसवून घ्यायचो. दुर्योधन व्हायला दहा हात वर यायचे, भीमासाठी भांडणे व्हायची. विदुर व्हायला कोणी तयार नसे. "सर, त्याला काही कामच नाही, तो नुसता बोलतो आणि त्याचं कोणी ऐकत नाही," असे एका मुलाने सांगितले होते. वयाच्या अकराव्या वर्षी त्याने हस्तिनापुराचे दुखणे एका वाक्यात सांगून टाकले.

ही विराटाची कथा आपल्या महाराष्ट्रात विसाव्या शतकात पुन्हा जिवंत झाली आणि तिने सरकारला हादरवले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे लोकमान्यांचे केसरीतले सहकारी. लॉर्ड कर्झन १८९९ ते १९०५ या काळात व्हाइसरॉय होता. १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली. १९०७ मध्ये खाडिलकरांचे 'कीचकवध' रंगभूमीवर आले. महाराष्ट्र नाटक मंडळीने ते केले. नाटकात इंग्रज नाही, फाळणी नाही, कौन्सिल नाही. आहे ते फक्त विराटाचे नगर. पण पाहणाऱ्यांना कळायचे ते कळत होते. उन्मत्त कीचक म्हणजे कर्झन, गांजलेली सैरंध्री म्हणजे हिंदभूमी, सबुरीचा सल्ला देणारा कंकभट म्हणजे मवाळ आणि हात शिवशिवणारा बल्लव म्हणजे जहाल. लंडनच्या टाइम्सचा व्हॅलेंटाइन चिरोल यानेही १९१० च्या आपल्या पुस्तकात या नाटकाचा असाच अर्थ लावला आणि त्याच्या परिणामाबद्दल चिंता व्यक्त केली.

१९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकला कलेक्टर जॅक्सनचा वध झाला, तोही 'शारदा' नाटकाला आलेला असताना. त्यानंतर लगेच, १९१० मध्ये, सरकारने 'कीचकवधा'वर बंदी घातली. बंदी घालताना सरकारच्या हे लक्षात आले की नाही कोण जाणे, पण नाटकातला कीचक आपणच, हे त्यांनी सही-शिक्क्यानिशी मान्य केल्यासारखे झाले.

कीचकावर सगळे बोलतात, पण त्या नाटकातल्या विराटाकडे लक्ष द्यावे असे मला वाटते. कीचकासारखा माणूस कुठेही निपजतो. तो माजतो तो विराट त्याला दुखवायला धजत नाही म्हणून. आपले आसन ज्याच्या जिवावर टिकले आहे त्याला जाब विचारायचा कसा, ही विराटाची अडचण. ही अडचण पुढच्या सगळ्या गोष्टींत वेगवेगळी पागोटी घालून येते.

खाडिलकरांचेच 'भाऊबंदकी' १९०९ चे. इथे राजे काल्पनिक नाहीत, पण रंगमंचावर आले की खरा माणूसही अर्धा काल्पनिक होतोच. इतिहास असा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. त्यांचे वय अठरा. चुलते रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत होते आणि खुनानंतर पेशवाईची वस्त्रे त्यांनाच मिळाली. रामशास्त्री प्रभुण्यांनी या खुनाला देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. एवढे सगळ्यांना माहीत असते, आणि त्याबरोबर 'ध'चा 'मा' हेही. राघोबांनी 'धरावे' असे लिहिले होते, आनंदीबाईने त्याचे 'मारावे' केले, ही कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली. इतिहासकार तिला आख्यायिकाच म्हणतात.

मला ती आख्यायिका का टिकली यात रस आहे. ती टिकली कारण ती सोयीची आहे. राघोबा अटकेपर्यंत गेलेला पराक्रमी पुरुष. त्याला खुनी म्हणायला जीभ रेटत नाही. मग एक अक्षर बदलून पाप बाईच्या पदरात घालायचे! विराटाचे पाप कीचकाच्या नावावर, राघोबाचे पाप आनंदीबाईच्या नावावर. आपल्या गोष्टींत राजाला वाचवायला कोणीतरी दुसरे डोके नेहमी तयार ठेवलेले असते.

परिणाम मात्र आख्यायिका नव्हेत. बारभाईंनी राघोबांना पदावरून काढले. ते इंग्रजांकडे गेले. मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला आणि त्यात साष्टी आणि वसई देऊ करून त्यांनी इंग्रजांची फौज मागितली. त्यातून पहिले इंग्रज-मराठा युद्ध पेटले, ते १७८२ मध्ये सालबाईच्या तहाने थांबले. घरातले भांडण मिटवायला शेजाऱ्याला बोलावले आणि शेजाऱ्याला घराचा नकाशा पाठ झाला. १ जानेवारी १८१८ ची लढाई जिथे झाली ते भीमेकाठचे कोरेगाव आम्हाला पुण्याला जाताना वाटेतच लागते (बाहेरचे लोक कारेगाव आणि कोरेगाव यांची नेहमी गल्लत करतात). तिथून जाताना मला दुसऱ्या बाजीरावाआधी त्याचे वडील आठवतात. पेशवाई बुडाल्याचे खापर मुलाच्या डोक्यावर फुटले, पण मडके बापाच्या वेळीच तडकले होते.

रामशास्त्र्यांचेही एक सांगायला हवे. १९४४ मध्ये प्रभातने त्यांच्यावर चित्रपट काढला, गजानन जागीरदारांनी भूमिका केली. माझ्या आधीच्या पिढीतली माणसे त्या चित्रपटाबद्दल भरभरून बोलत. असा न्यायाधीश आपल्यात होऊन गेला हे खरेच अभिमानाचे आहे. पण अभिमानाच्या भरात हे विसरू नये की निवाडा देऊन शास्त्रीबुवांनाच पुणे सोडावे लागले, राघोबांना नाही.

आता जरा मोकळ्यावर येऊ. आमच्या शिरूर, आंबेगाव, जुन्नर भागात चैत्राच्या जत्रा आणि तमाशा यांचे नाते वेगळे सांगायला नको. वगातला राजा हा एक स्वतंत्र प्राणी आहे. डोक्यावर चमकीचा मुकुट, बोलणे भारदस्त आणि अक्कल बेताची. त्याच्याभोवती प्रधान, कोतवाल, शिपाई. वसंत सबनिसांचे १९६५ चे 'विच्छा माझी पुरी करा' तुम्ही पाहिले असेल, निदान दादा कोंडक्यांमुळे ऐकले तरी असेल. त्याचे मूळ नाव 'छपरी पलंगाचा वग'. कोतवालाची जागा रिकामी होते. त्या जागेवर हक्क हवालदाराचा. पण तिथे वशिल्याने प्रधानाच्या मेहुण्याची वर्णी लागते. मग हवालदार आणि मैनावती मिळून या नव्या कोतवालाला असा जाळ्यात ओढतात की तो राजाचाच पलंग चोरायला निघतो.

लोक पोट धरून हसतात. पण हसता हसता काय सांगितले ते बघा. पुन्हा मेहुणाच! विराटापासून इथपर्यंत मेहुण्याने आपली जागा सोडलेली नाही. आणि राजाची अवस्था अशी की त्याच्या पाठीखालचा पलंगसुद्धा सुरक्षित नाही, कारण राखणदाराची नेमणूकच चुकीची. कुंपणच शेत खाते ही म्हण आपल्याला पाठ असते, पण कुंपण कोणी घातले हे म्हणीत नाही. ते वगात आहे.

याच कोतवालाची काळी बाजू सात वर्षांनी आली. विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात पहिल्यांदा झाले. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनची निर्मिती, दिग्दर्शन जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नानांच्या भूमिकेत मोहन आगाशे. नाटकावर गदारोळ झाला. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने ते थांबवले. कलावंत बाहेर पडले, १९७३ मध्ये थिएटर अकादमी स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी नाटक पुन्हा सुरू झाले. १९८० मध्ये ते युरोपला निघाले तेव्हाही वाद झालाच.

खरा घाशीराम सावळदास औरंगाबादकडून (आजचे छत्रपती संभाजीनगर) पुण्यात आला आणि १७७७ पासून कोतवाल होता. १७९१ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या माणसांनी तेलंगी ब्राह्मणांना धरून कोंडले. त्यातले वीसहून अधिक गुदमरून मेले. लोक खवळले आणि ३१ ऑगस्टला घाशीरामाचा दगडांनी शेवट झाला. १८६३ मध्ये मोरोबा कान्होबांनी त्याच्यावर पुस्तक लिहिले, म्हणजे हा माणूस लोकांच्या मनातून कधी गेला नव्हता.

तेंडुलकरांनी मात्र आपले नाटक ऐतिहासिक नाही असे स्वतःच स्पष्ट केले. त्यांच्या नाटकात घाशीराम कनोजहून येतो, पुण्यात अपमान सोसतो आणि सूड उगवण्यासाठी कोतवाली मिळवतो. किंमत म्हणून तो आपली मुलगी नानांना देतो. पुढे त्याच्या जुलमाने शहर भाजून निघते, आणि लोक वाड्यावर चालून येतात तेव्हा नाना त्याला शांतपणे लोकांच्या हवाली करतात.

खऱ्या नानांबद्दल इतिहासाचा शिक्षक म्हणून मला आदर आहे. उत्तर पेशवाईतला तो मोठा मुत्सद्दी. बारभाईंचे कारस्थान त्यांच्याशिवाय उभे राहिले नसते, आणि १८०० मध्ये ते वारल्यावर राज्याचे शहाणपण गेले असे म्हटले जाते ते खोटे नाही. त्यामुळे नाटकातल्या नानांना पाहून दुखावलेल्या माणसांचे दुःख मला समजते. तरीही ते नाटक पुसून टाकावे असे मला वाटत नाही. त्यातला नाना हा फडणीस नसून एक रीत आहे. वाईट काम करायला माणूस नेमायचा, त्याच्या कामाची फळे आपण खायची आणि हिशेबाची वेळ आली की त्या माणसाला पुढे ढकलायचे. दगड घाशीरामाला लागतात. मग लोकांचा राग शमतो आणि नगरात उत्सव सुरू होतो. नेमणारा गादीवर तसाच राहतो. नाटकभर ब्राह्मणांची एक रांग भिंतीसारखी उभी असते, कधी पडदा होते, कधी जमाव होते. ती रांग म्हणजे आपण प्रेक्षकच आहोत असे मला वाटते.

आणखी दोघांना चटकन भेटून घेऊ. वि. स. खांडेकरांचा 'ययाति' १९५९ चा. त्याच्यासाठी त्यांना १९७४ चे ज्ञानपीठ मिळाले. ययाति राजाला भोगाची तहान भागेना म्हणून त्याने मुलाचे तारुण्य मागून घेतले. प्रेमाची आणि वासनेची कादंबरी म्हणून आपण ती वाचतो. एकदा कारभाराची गोष्ट म्हणूनही वाचून पाहा. आजची हौस भागवायला पुढच्या पिढीचे आयुष्य उसने घेणे, हे काही एकट्या ययातीने केलेले नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात विहिरींचा तळ दिसतो, बोअर दरवर्षी आणखी खोल जाते, तेव्हा मला पुरूचा चेहरा आठवतो.

दुसरे 'सिंहासन'. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्यांवर जब्बार पटेलांनी १९७९ मध्ये चित्रपट केला. इथला राजा मुख्यमंत्री आहे, त्याला पाडायला निघालेला अर्थमंत्री आहे, आणि हे सगळे पाहणारा पत्रकार दिगू टिपणीस आहे. निळू फुल्यांनी तो असा उभा केला की विसरता येत नाही. दिगूला सगळे माहीत असते आणि त्याचा उपयोग काही होत नाही. शेवटी तो वेड्यासारखा हसत सुटतो. विदुराला आमच्या युगात हसूच येणार, दुसरे काय?

तर या सगळ्यांना एका वर्गात बसवले तर काय दिसते? एकही जण जन्मतः दुष्ट नाही. पहिली खूण म्हणजे प्रत्येकाला कोणीतरी जवळचे माणूस आहे आणि त्याला 'नाही' म्हणता येत नाही. कोणाचा मुलगा, कोणाचा मेहुणा, कोणाचा कोतवाल. दुसरी खूण, आकडा दिसतो आणि माणूस दिसत नाही. किती हंडे दूध आले ते कळते, वासरू हंबरलेले ऐकू येत नाही. तिसरी, खरे बोलणारा शत्रू वाटू लागतो. आणि चौथी, शिक्षा नेहमी दुसऱ्याला होते. परिणामांचे तर विचारूच नका. धृतराष्ट्राचे शंभर मुलगे गेले हे आपण मोजतो. त्यांच्याबरोबर अठरा अक्षौहिणी सैन्य मेले, त्यातल्या सैनिकांची नावे व्यासांनाही माहीत नव्हती.

हे सगळे नातीला सांगत होतो. सगळे ऐकून ती एवढेच म्हणाली, "पण आजोबा, तेव्हा लोक काय करत होते?"

खरा प्रश्न हाच आहे. लोक दूध ओतत होते. लोक सभेत माना खाली घालून बसले होते. लोक भिंत करून उभे होते. आणि राग अनावर झाला तेव्हा हाताला लागेल त्या घाशीरामाला दगड मारत होते. वेळेवर विचारणे आणि उशिरा दगड मारणे यांतला फरक आपल्या गोष्टी हजारो वर्षे सांगत आल्या आहेत.

आता राजे गेले असे आपण म्हणतो. खरे म्हणजे वर देण्याचे काम आता आपल्याकडे आले आहे, आणि त्रिपुरासुराच्या वेळी देवांनी जी सोय केली नव्हती ती आपल्या घटनेने केली आहे. दर पाच वर्षांनी वर परत घेता येतो. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली. २००५ मध्ये माहितीचा अधिकार आला. त्यासाठी लढलेले अण्णा हजारे आमच्या शेजारच्या पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीचे. म्हणजे दूध कुठून आले आणि कुठे गेले हे विचारायला आता राजाची वाट पाहायला नको. आमच्यासारख्या गावात एमआयडीसी आल्यापासून जमिनीला सोन्याचा भाव आला, खोल्यांना भाडेकरू आले, पैसा खेळू लागला. अशा ठिकाणी तर विचारणाऱ्यांची गरज जास्तच. पण ग्रामसभेत रिकाम्या खुर्च्या दिसतात आणि चावडीबाहेर चहाच्या टपरीवर मात्र प्रत्येकाला सगळे माहीत असते. प्रत्येक जण दिगू टिपणीस!

लोक का विचारत नाहीत? ते आळशी आहेत म्हणून, असे मी म्हणणार नाही. कहाणीतल्या म्हातारीने बोलण्याआधी अभय मागितले होते हे विसरू नका. तिला धोका ठाऊक होता. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी माहितीच्या अधिकारात जमिनींचे व्यवहार उघडकीला आणत होते. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी त्यांचा खून झाला. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट. कायद्याने विचारण्याचा हक्क दिला, पण अभय कागदावर देता येत नाही. ते शेजाऱ्यांनी द्यावे लागते. एक जण उठून बोलला की त्याच्याबरोबर आणखी चार जणांनी उभे राहावे, एवढाच त्याचा अर्थ. रामशास्त्र्यांबरोबर त्या दिवशी आणखी चार मानकरी पुणे सोडून निघाले असते तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

असो. फार लांबले. येत्या श्रावणात तुमच्या घरी कोणी खुलभर दुधाची कहाणी वाचत असेल तर मुलांना जवळ बसवा. म्हातारी अभय मागते तिथे थोडे थांबा आणि तिला भीती कशाची वाटत होती ते मुलांना विचारा. काय उत्तरे येतात ती मला जरूर कळवा.